पडशाचे आद्यकारण

२ डिसेंबर १९५४, गुरुवार. सकाळी ६
नवी वही. मिशन शाळेतून रिटायर झाल्यापासून डोके गंजत चालले होते. आता नाही. पाळकसाहेबांनी होकार दिला. रविवारी १९ तारखेला उपासना संपली की मंडळीसमोर माझे व्याख्यान. विषय: विश्वाचे आद्यकारण. ते म्हणाले, पंधरा मिनिटे, नंतर चहा आहे. पंधरा मिनिटांत विश्व! मी दोन तासांची तयारी करणार. लोक एकदा रंगले की चहा कोण विचारतो.
संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. (आज सहा झाले. कारण थंडी.)
मुलीला, प्रेमलताला, कार्ड टाकायचे. खापरखेडा काही लंडन नाही, बसने तासाभराचा रस्ता.

३ डिसेंबर. ७.१५
कार्ड टाकले. 'चि. प्रेमा, १९ तारखेला व्याख्यान आहे. येणे.' जावयाचा उल्लेख केला नाही. कारण जागा नव्हती. (कार्ड अर्धे कोरे होते, पण कोरी जागा सोडावी, बरे दिसते.)
लग्नाला दोन वर्षे झाली, पोरगी एकदाही घरी आली नाही. विनाकारण राग. तिची आई असती तर तिने समजावले असते.

५ डिसेंबर, रविवार
मुद्दा पक्का झाला. ज्याला ज्याला आरंभ आहे, त्याला त्याला कारण आहे. विश्वाला आरंभ आहे. म्हणून विश्वाला कारण आहे. ते कारण देव. देवाला आरंभच नाही, म्हणून देव अकारण. याला उत्तर नाही.
शेजारच्या श्रावण कोष्ट्याला ऐकवले. पाचपावलीत दुसरे ऐकणार कोण? तो माझ्यासाठी हातचे काम थांबवत नाही, आणि गल्लीतल्या मागांच्या खडखडाटात ओरडून सांगावे लागले. तो जुन्या ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांच्या, टोकाला नव्या ताण्याचा एकेक धागा पिळून जोडत होता. उदाहरण आयतेच सापडले! विचारले, हा जोडला जुन्याला, जुना त्याच्या आधीच्याला, मग सगळ्यात पहिला ताणा कशाला जोडला? गोत्यात येईल वाटले. म्हणाला, "मले काय मालूम मास्तर, माग बापानं लावला होता, मी तर जोडूनच राहिलो."
साखळी मागे मागे कायमची जाऊ शकत नाही, हे त्याला पटले असावे. मान हलवली. (धागा दातात होता.)

८ डिसेंबर. ८.००
पाचला उठणे सोमवारपासून.
श्रावणची बायको जनाबाई अंबाडीची भाजी घेऊन आली. एकट्याने जेवतो म्हणून अधूनमधून आणते. प्रेमाचे पत्र आले का, विचारले. नाही म्हटले. काहून रागावली, विचारले. म्हटले, अकारण. त्यावर म्हणाली, "परवा तर तुमी सांगून राहिले होते, एकटा देवच अकारण हाय. मंग पोरीचा राग अन् देव सारखेच का जी?"
अडाणी बाई. भाजी मात्र चांगली होती.

११ डिसेंबर
उत्तर नाही. पोस्ट खात्याचा कारभार ढिसाळ झाला आहे.
एक गंमत. श्रावण लुगडी घेऊन बाजाराला निघाला, उंबऱ्यात मला शिंक आली. तो परत आत जाऊन बसला. पाणी प्यायला, मग निघाला. मी त्याला अर्धा तास समजावले की शिंक हे कारण नव्हे. शिंकेमुळे कुणाचे काम अडत नाही. खोटे कारण आणि खरे कारण यांतला भेद माणसाला कळला पाहिजे. तो म्हणाला, अर्धा तास तुमच्यामुळे अडलं, शिंकेनं घडीभरच अडलं होतं.
हा भेद व्याख्यानात घ्यायचा.

१५ डिसेंबर
कार्ड गहाळ झाले, हे नक्की. दुसरे टाकले नाही. कारण एकदा बोलावले की बोलावले.
उदाहरण पाहिजे होते, रोजच्या जगण्यातले. साखळी करून पाहिली:
प्रेमा येत नाही. कारण रागावली.
रागावली. कारण मी लग्नाला गेलो नाही.
गेलो नाही. कारण पडसे झाले होते.
पडसे झाले होते. कारण
इथे शाई संपली. दुसरे उदाहरण घ्यावे. धुराचे, ढगाचे, काहीही.

१९ डिसेंबर, रविवार. दुपारी २
अहवाल. हजर: सतरा. पैकी श्रावण आणि जनाबाई. जनाबाई ठेवणीतले लुगडे नेसून पुढच्या बाकावर. प्रेमा नाही. बोलताना दरवाजा तीनदा वाजला, तीनदा पाहिले. वारा होता.
पहिली दहा मिनिटे उत्तम. आरंभ, कारण, साखळी, सगळे झाले. मग संडे स्कूलच्या पुष्पलताबाईंनी विचारले, एखादे साधे उदाहरण द्याल का? धुराचे पान सापडेना. मी वही चाळत राहिलो. मला मदत करावी म्हणून श्रावण उभा राहिला आणि भर मंडळीत म्हणाला, "मास्तर, पोरीचंच सांगा ना. ते काहून येत नाही."
कुणी खोकले. पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, चहा निवतो आहे.
विश्व दहा मिनिटांत आटोपले. चहा घेतला नाही.

२० डिसेंबर
श्रावणवर रागावून त्याच्याकडे गेलो. म्हटले, घरची गोष्ट चारचौघांत काढतात का? लग्नाच्या दिवशी मला पडसे झाले होते, हे तुला ठाऊक आहे.
त्याने माग थांबवला. माझ्यासाठी इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "नाही जी मास्तर. त्या दिवशी तुमी दिवस बुडेपर्यंत इथंच बसून होते, पेपर वाचत. मी त्याच दिवशी नवा ताणा लावून राहिलो होतो, शिंकेकडे माहं ध्यान होतं. तुमाले एकबी शिंक नाही आली."
घरी आलो.

२१ डिसेंबर. सकाळी ५
झोप लागली नाही म्हणून पाचला उठलो.
साखळी पुरी करतो. पडसे नव्हते. मुलगा मंडळीतलाच होता, भैयाजी. पॉवर हाऊसमध्ये फिटर. मागणी घालायला आला तेव्हा नखांत काळे ऑइल. 'मले', 'तुमाले' बोलत होता. चाळीस वर्षे मी पोरांचे 'मले' सुधारले आणि माझ्याच दारात हा. चार लोकांत त्याला जावई म्हणायची मला लाज वाटली. बाकी काही दोष नव्हता.
प्रेमा चर्चच्या पायरीवर अर्धा तास माझी वाट पाहत उभी होती, असे नंतर कळले. शेवटी माझ्या जागी पाळकसाहेबांनी तिला हात धरून आत नेले.
हे आजवर कुठे लिहिले नव्हते.

२४ डिसेंबर, शुक्रवार. दुपारी ३
ठरले. खापरखेड्याला जायचे, नाताळ तिथेच. काय बोलायचे ते पाठ केले: प्रेमा, मला पडसे झाले नव्हते. एवढेच. जनाबाईने करंज्या करून दिल्या, डबा बांधला. कोट झटकला. दुपारची बस गाठायची म्हणून वेळेवर निघालो.
उंबऱ्यात शिंक आली. मग दुसरी, तिसरी. पहाटेपासून नाक चोंदलेले होतेच. पडसे. दोन वर्षे उशिरा आले, पण खरे आले.
श्रावण ओट्यावरून ओरडला, "शिंकले जी मास्तर, घडीभर बसा!" माझा यावर विश्वास नाही. बसलो. पाणी प्यायलो. डबा मांडीवर होता. डबा बराच वेळ मांडीवर होता.
बस गेली.
श्रावण म्हणतो, संध्याकाळची एक आहे. पण अंधारात अनोळखी गावात घर कुठे शोधणार. शिवाय पडसे. प्रेमाला लागण व्हायची.
बस चुकली. कारण शिंक.
खोडले.
कारण मी.