घुरघुर कुणाची

१२ मार्च, संध्याकाळ

अजून पटत नाही. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या ट्यूब अँपमधली ती घुरघुर. तिच्यापायी आवाज फाडणारं माझं लाडकं पेडल मित्राला देऊन बसलो. आज बाकीची पेडलंही काढली, गिटार थेट अँपला जोडली, तरी घुरघुर होतीच. मग एकदम थांबली. मी तर कशालाच हात लावला नव्हता. शेजारच्या खोलीतून बाबा आले, कूलर बंद करून. त्यांना पुन्हा लावायला सांगितला, तर घुरघुर हजर. म्हणजे पेडल बिचारं चांगलंच होतं?

"बाबा, अजून उकाडाही नाही. रोज संध्याकाळी कूलर काहून लावता?"

बाबा शांतपणे म्हणाले, "तू वाजवाले बसला की लावतो गा. त्याच्या आवाजात तुयी गिटार ऐकू येत नाही."