चौथ्या रांगेतील दहा दगड आणि एक बाक

लिहून ठेवणार मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा पूर्वी सैनिकी दफनभूमीची राखणदारी व आता काही नाही, राहणार त्याच दफनभूमीच्या फाटकासमोरील दोन खोल्यांत. आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर आपणहून हा कागद करायला बसलो आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग म्हणाल्या, "आजोबा, लहानपणचं काही आठवतं का?" मी तिसरीच्या पुस्तकातली कविता उभा राहून म्हणायला लागलो. चौथ्या कडव्याला त्या म्हणाल्या, "पुरे हो, बाहेर पेशंट खोळंबलेत." सबब माझ्या स्मरणशक्तीबद्दल मागाहून कोणी शंका काढू नये. तिने मला आयुष्यात एकदाच दगा दिला, आणि तोही ती चांगली होती म्हणूनच. ते पुढे येईल.

कलम १. राहत्या दोन खोल्या, त्यातील सामान आणि बँकेत जे काही निघेल ते सर्व माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. तो दूरच्या शहरात असतो. त्याला खोल्या विकायच्या असतील तर त्याने खुशाल विकाव्यात, माझी हरकत नाही. फक्त पुढच्या खोलीतली खिडकी विकत घेणाराने बुजवू नये, एवढे त्याने सांगून पाहावे. तिथून पहिल्या तीन रांगा आणि चौथीचे टोक दिसते.

त्याच्या आईचे शिवणयंत्र त्याच्या मुलीला द्यावे. तिला शिवता येत नाही हे मला माहीत आहे. त्याच्या आईलाही येत नव्हते. ती त्यावर बटणांचा डबा ठेवी आणि खिडकीशी बसून माझी वाट पाही.

कलम २. माझी हत्यारे: एक मऊ ब्रश, दोन बादल्या, शेवाळ खरवडायच्या लाकडी पट्ट्या, कात्री, आणि रांग धरायची दोरी खुंट्यांसकट. ही सर्व आताच्या राखणदार बाईंना द्यावीत. दगड साध्या पाण्याने, वरून खाली, अंघोळ घातल्यासारखा धुवावा. तारेचा ब्रश लावू नये, अक्षरांच्या कडा मरतात. बाई हे सगळे जाणतात, तरी मी त्यांना रोज सांगतो आणि त्या रोज ऐकून घेतात. एकदाच म्हणाल्या होत्या, "आजोबा, निवृत्त तुम्ही झालात, आता हे सांगायला रोज इकडे येत जाऊ नका." दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही, तर दुपारी बघायला आल्या.

कलम ३. कवितांच्या चार वह्या. शाळेतल्या सगळ्या कविता मी पुढे आठवून आठवून उतरवल्या आहेत. या कोणाला द्याव्यात ते मला सुचत नाही. कोणी मागितल्या तर द्याव्यात.

आमचे गुरुजी कविता बसून म्हणू देत नसत. हात सरळ, मान ताठ, आवाज मागच्या बाकापर्यंत. म्हणत, "ज्यानं लिहिली तो इथं नाहीये. त्याच्या वतीनं तू उभा आहेस." चोविसाव्या वर्षी मला ही नोकरी लागली आणि पहिल्याच सकाळी फाटकातून आत पाहिले तर सगळे दगड असेच उभे, हात सरळ, मान ताठ. मला वाटले, वर्ग भरला आहे आणि गुरुजी यायचे आहेत. त्या दिवसापासून रोज एक रांग, प्रत्येक नाव मोठ्याने, टोपी काढून, समोर उभे राहून म्हणायचे, हा माझा रिवाज झाला. नोकरीच्या नियमात तो नाही. तीनशे सहा नावे, हुद्द्यासह आणि वयासह, मला पाठ आहेत.

कलम ४. जुने हिशेब मिटवतो. माझी काळी छत्री निरीक्षकसाहेब घेऊन गेले ते गेलेच. ती मी त्यांना याद्वारे बक्षीस देतो, म्हणजे त्यांच्याकडे चोरीचा माल राहिला असे होणार नाही. दरवर्षी स्मारकावर फुले वाहायला येणारे आणि कबरींकडे पाठ करून पाऊण तास बोलणारे पाहुणे, त्यांना मी माफ केलेले नाही. ज्या नवऱ्यामुलाने फोटोसाठी बायकोला स्मारकाच्या चौथऱ्यावर चढवले त्याला केले आहे, कारण मी हाक मारल्यावर त्याने तिला उतरवून घेतले आणि दोघांनी चपला काढून नावे वाचली. मला लोक 'हळूबाबा' म्हणतात ते अशानेच. हळू चाला, हळू बोला, दगडाला टेकू नका, दोन कबरींमधून जा, वरून जाऊ नका. छत्तीस वर्षे हेच ओरडलो. 'हळू' हा शब्द माझ्याइतका मोठ्याने कोणी उच्चारला नसेल.

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीचा कागद लिहिला आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याच्या शाळेचा वर्ग दफनभूमी पाहायला आला. मुले रांगेत होती. त्याच्या बुटाची नाडी सुटली म्हणून तो सहाव्या रांगेतल्या एका दगडाच्या पायथ्यावर बसला. मी सगळ्या वर्गासमोर त्याच्या थोबाडीत मारली. "खाली माणूस आहे!" असे ओरडलो. तो रडला नाही. नाडी तशीच लोंबत ठेवून चालायला लागला. त्यानंतर त्याने त्या फाटकाच्या आत कधी पाऊल टाकले नाही. आईने डबा देऊन पाठवले तर फाटकाच्या खिळ्याला अडकवून जायचा. ती मला म्हणाली होती, "मेलेल्यांशी इतकं हळू बोलता, त्यातलं थोडं घरात आणा."

त्यानंतर पाच वर्षांनी पावसाने चौथ्या रांगेचा पाया खचला. सगळे दगड काढून भिंतीला लावले, जमीन सपाट केली आणि खाली काँक्रीटची नवी पट्टी ओतली. दगडांच्या पाठीवर मी खडूने आकडे घातले होते, ते धुऊन गेले. मुकादम म्हणाला, "कचेरीतून नकाशा आणू का?"

मी म्हणालो, "नकाशा कशाला? मला पाठ आहे."

आणि पाठ होतेच. स्वयंपाकी, ड्रायव्हर, तारवाला, मग एकाच गावचे दोघे, असे करत शेवटी बिगुलवाला, वय एकोणीस. क्रमात कानामात्रेची चूक नाही. चौथ्या रांगेत जागा अकरा आणि दगड दहा. बाकीच्या रांगांत रिकामी जागा शेवटाला आहे, म्हणून इथेही शेवटचीच धरली. पहिल्या खुंटीपासून सुरू केले. दोरी ताणून, डोळा लावून, दहा दगड असे सरळ उभे केले की निरीक्षकसाहेबांनी पाठ थोपटली. अकरावी जागा मोकळी राहिली, तिथे आल्यागेल्याला टेकायला एक बाक ठेवला. सावली चांगली होती. रोज दुपारी मी त्यावर बसून डबा खात असे.

सतरा वर्षांनी, निवृत्तीच्या आधी, सामान सोपवायचे म्हणून फाटकाजवळच्या आमच्या कचेरीतल्या पत्र्याच्या नळीतून तो नकाशा बाहेर काढला. बोट चौथ्या रांगेवर आले. रिकामी जागा पहिली होती. तिथे पूर्वी मोठे झाड होते आणि मुळांमुळे खणता आले नव्हते. झाड माझ्या आधीच पडले होते, आणि मी इतकी वर्षे नावे पाठ केली होती, जागा नव्हेत. म्हणजे मी उभा केलेला प्रत्येक दगड एक जागा डावीकडे होता. ड्रायव्हरच्या उशाशी तारवाल्याचे नाव. स्वयंपाक्याचा दगड मुळांवर, खाली कोणी नाही. आणि अकराव्या जागी बिगुलवाला. मी कचेरीच्या खिडकीतून पाहिले. बाकावर माझा डबा उघडाच होता.

बिगुलवाल्याची बहीण दरवर्षी येई. दगडापाशी उभी राहून त्याला रागवे, की माझी पाटी फोडलीस आणि पळालास. मग दमून बाकावर बसे. म्हणे, "इथं बसलं की जरा बरं वाटतं, भाऊ." मला भाऊ म्हणे. दगडापाशी ती परक्यासाठी रडली आणि बसली मात्र आपल्याच माणसाच्या छातीवर. यात काही सांत्वन आहे का, हे मी पुष्कळदा शोधले. मला ते घेण्याचा हक्क नाही. मला नकाशा सापडला त्याच्या आदल्या वर्षी ती वारली.

त्याच दुपारी बाक 'पाय मोडला' असे लिहून यादीतून काढला आणि घरी आणला. पाय मोडलेला नव्हता, ते मी खोटे लिहिले. बाक पुढच्या खोलीत आहे. अठरा वर्षांत त्यावर मी बसलो नाही, वर्तमानपत्रे ठेवतो. दगडांबद्दल मात्र बोललो नाही. वरिष्ठ कचेरीला तीन पत्रे लिहिली, तिन्ही फाडली. ज्याने सगळ्या गावाला हळू चालायला लावले, पोटच्या पोराला मारले, तो स्वतः सतरा वर्षे एका पोराच्या अंगावर बसून जेवत होता, हे कोणत्या तोंडाने सांगू? मुलाचा फोन वर्षातून दोनदा येतो. एकदा धीर केला.

"तुला एक सांगायचं होतं."

"बोला ना, बाबा."

"काही नाही. इकडे ऊन फार आहे."

"मग दुपारचं बाहेर पडू नका. ठेवू?"

"ठेव."

नकाशा पाहिला तेव्हापासून रोज सकाळी चौथी रांग मी पुन्हा म्हणतो, पण दगडासमोर नाही, दगडाच्या एक पाऊल उजवीकडे उभा राहून. स्वयंपाक्याचे नाव स्वयंपाक्यासमोर. शेवटी मोकळ्या गवतासमोर टोपी काढून बिगुलवाल्याचे. राखणदार बाई म्हणाल्या, "आजोबा, नाव तिकडे कोरलंय, तुम्ही बघताय भलतीकडेच." मी म्हणालो, "मान आखडलीये." त्यांनी मला मलम आणून दिले. ते मी इमानाने मानेला लावतो.

आता माझ्या पायाला सूज असते. मागच्या आठवड्यात चार दिवस जाता आले नाही. त्या चार दिवसांत ती दहा माणसे आपल्या नावाने कोणी ओळखली नाहीत. मी गेलो की कायमचीच ओळखली जाणार नाहीत. म्हणून असे ठरवतो की, चौथ्या रांगेतील दहाही दगड एकेक जागा उजवीकडे सरकवून नकाशाप्रमाणे बसवावेत, आणि ज्यांच्या घरचे कोणी हयात आहेत त्यांना चूक कोणाची ते माझ्या नावानिशी कळवावे. नकाशाची नक्कल सोबत आहे.

कलम ६. वरील कलम लिहून झाल्यावर मी ते वाचून पाहिले. औषधवाले, ज्यांना या कागदाची अंमलबजावणी करण्यासाठी नेमले आहे, शेजारी बसले होते. त्यांनीही वाचले. चष्मा काढून म्हणाले, "आजोबा, समजा तुम्ही अजून दहा वर्षं जगलात, तर?"

मी म्हणालो, "तर काय?"

"तर ती पोरं अजून दहा वर्षं भलत्याच नावाखाली. तुमच्या अब्रूसाठी."

औषधवाले एरवी गोळ्या सकाळी की रात्री याखेरीज काही बोलत नाहीत. मला राग आला. नंतर खिडकीतून चौथीचे टोक पाहिले, गवताचा तो मोकळा तुकडा. गुरुजी कविता चुकली की बसू देत नसत. म्हणत, "पहिल्यापासून म्हण." म्हणून कलम ५ माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याची एक प्रत औषधवाले आजच राखणदार बाईंकडे नेऊन देतील आणि दुसरी वरिष्ठ कचेरीकडे टपालाने जाईल. फाडायला माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. मलमाची डबी बाईंना परत करावी.

कलम ७. मला दफनभूमीत जागा नको. तिथे माझा हक्क नाही. दगडही नको.

कलम ८, व शेवटचे. तिसरी प्रत, या कलमासकट, आजच माझ्या मुलाला जाईल. मुला, तुला मारल्यावर मी जे ओरडलो ते खरे होते. खाली माणूस होता. पण समोरही एक माणूस होता, नऊ वर्षांचा, आणि त्याच्याशी हळू बोलायचे मला सुचले नाही. याबद्दल मी तुझी माफी मागतो. ती फोनवर मागता आली नाही म्हणून कागदावर, साक्षीदारांसमोर मागतो.

दगड हलवतील त्या दिवशी तू यावेस अशी माझी इच्छा आहे. अट नाही. आलास तर चौथी रांग उभा राहून मोठ्याने म्हण. नावे सोबतच्या कागदावर आहेत. मला जमले तर मी मागे उभा असेन आणि चुकलास तरी टोकणार नाही.

दगड सरकले की पहिली जागा मोकळी होईल. माझ्या घरातला बाक सरकारचा आहे. तो परत करून त्या पहिल्या जागी ठेवावा, अशी विनंती मी कचेरीला केली आहे. नावे म्हणून झाली की तिथे बस. नाडी सुटली असेल तर बांध. घाई करू नकोस. तिथे खाली कोणी नाही. या वेळी मी नकाशा उघडून पाहिला आहे.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत उभा राहून सही केली.

सही: (हळूबाबा, निवृत्त राखणदार)

साक्षीदार १: कोपऱ्यावरचा न्हावी. कागद वाचलेला नाही, सही करताना पाहिले.

साक्षीदार २: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई. बसायला बाक होता, पण आजोबांनी आमच्यासाठी शेजारून खुर्च्या आणवल्या.

ठिकाण: फाटकासमोरची पुढची खोली, खिडकीशी.
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, सकाळी साडेअकरा.