पांढरा कंदील

क्योतो, १९ ऑगस्ट

प्रिय आई,

हाताला ‘ते’ आणि कागदाला ‘कामी’ म्हणतो, मग दोन्ही जोडून पत्राला ‘तेकामी’ न म्हणता ‘तेगामी’ का, असं तू विचारलंस. नियम सांगता येतात. पण बुटाच्या नाडीला, ‘कुत्सुहिमो’ला, तो नियम का लागत नाही, हे मला खरंच माहीत नाही. बाबा हसतील. हसू देत.

आंबट ‘उमे’ फळांचं लोणचं मिळालं. तू माझ्या सरांसाठी पाठवलेला डबा मात्र मी त्यांना दिलेला नाही.

बेटावरच्या म्हाताऱ्या असे जोडशब्द कसे उच्चारतात, यावर कुरामोचि सरांचा निबंध छापायचा आहे. खाली माझंही नाव. उत्तरं सरांनी आणलेली, सगळी त्यांच्या सिद्धांताला जुळणारी. एकही म्हातारी अडखळत नाही? त्यांतल्या तोमेआजींची जुलैमधली ध्वनिफीत मागितली, तर म्हणाले, “भिजली.”

म्हणून बोनच्या दिवसांत, पितर घरी येतात तेव्हा, मीच बेटावर गेले. तोमेआजींच्या ओट्यावर पांढरा कंदील होता. घरातलं माणूस गेल्यावरच्या पहिल्या बोनला लावतात, तो. तोही मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस उलटून गेला असेल तरच. मी उलटे दिवस मोजले: जून संपायच्या आतच कोणीतरी गेलं होतं.

त्यांच्या सुनेला विचारलं, “जुलैत सर आले होते ना?”

“जुलैत? अगं, जूनमध्ये आम्ही सासूबाईंचा एकोणपन्नासावा केला! त्यानंतर बोलल्या असतील तर मलाही ऐकव. माझ्या भातावरचा एक टोमणा द्यायचा राहिला होता त्यांचा.”

परत येऊन सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

“आजी असत्या तर असंच म्हणाल्या असत्या.”

“पण त्या नव्हत्या, सर.”

“शिहो, कॉलेजातल्या तुझ्या जागेसाठी मी शब्द टाकलाय. घरी सांगितलं असशील ना?”

सांगितलं होतं. तू आनंदाच्या बातमीचा लाल भात शेजारी वाटलास, हेही मला ठाऊक आहे.

तेव्हापासून त्या निबंधातलं प्रत्येक नाव वाचताना वाटतं, हिला तरी कोणी भेटलं होतं का? पूर्वी सरांनी शिकवलेलंही आता तपासून बघते. असा संशय चांगला नाही, पण जात नाही.

आपल्या गावच्या शाळेत शिक्षिका हवी होती ना? विचारून ठेव. बाबांना मीच सांगेन.

सरांचा डबा मी उघडून खाल्ला. काल संपादकांकडे जाऊन निबंधावरचं माझं नाव समोर खोडून घेतलं, आणि ती जागा नको असं लिहून दिलं.

तू ठेवलेल्या नावाची,
शिहो