ज्याचा हात आत, त्याच्या खिशात

बाबा, आज गाडीचा पट्टा मी घरीच बदलला. इंजिनाच्या एका कडेला सहा पुल्या असतात आणि हा एकच लांब पट्टा त्या सगळ्या फिरवतो. आठवडाभर गाडी सुरू करताना तो किंचाळत होता. पाहिला तर आतल्या बाजूने तडे गेलेले. उल्हासनगरच्या दुकानदाराने नवा काउंटरवर टाकला. "ओरिजिनल है साईं, आँख बंद करके लगाओ." मी तो उजेडात नेऊन वीत वीत तपासला, तुम्ही तपासायचात तसा.

कात्रपमध्ये आमच्या इमारतीखाली दुपारी कुणी नसतं. जुना पट्टा काढण्याआधी त्याची वाट कागदावर काढून घेतली आणि चावी शर्टाच्या खिशात टाकली. ज्याचा हात आत, त्याच्या खिशात, हे तुमचं वाक्य. अंबरनाथच्या कारखान्यात यंत्राला हात लावण्याआधी तुम्ही त्याचा पांढरा चिनीमातीचा फ्यूज उपसून खिशात ठेवायचात. घरीही तेच. आईचा मिक्सर उघडायचा तरी आधी घराचा फ्यूज खिशात. आई अर्धवट वाटलेलं खोबरं घेऊन बसलेली आहे. "अंधार खिशात घालून बसलाय बघ तुझा बाप," ती म्हणते. तुम्ही मान वर करत नाही. एकदा मी नुसता प्लग काढून टेबलफॅन उघडला होता. "काढलाय की," मी म्हणालो. "लावायला किती वेळ लागतो?" एवढंच तुम्ही विचारलंत.

आज ताण देणारी पुली पान्याने मागे रेटून धरली होती आणि डाव्या हाताने पट्टा शेवटच्या पुलीवर चढवत होतो. बसला. बोटं बाहेर काढली, पाना उचलला, आणि इंजिन सुरू झालं. इतक्या वेगात पट्टा फिरताना दिसत नाही. थांबलेलाच वाटतो.

उघड्या बॉनेटमागून माझ्या मुलीचा आवाज आला. "पप्पा, गरम होतंय, एसी लावलाय. तुमचं चालू द्या." तिला कामावर निघायचं होतं. मी खिसा चाचपला. चावी होती. "बंद कर!" मी ओरडलो. ती उतरून पुढे आली. "दुसरी चावी माझ्या पर्समध्येच असते ना. एवढं काय ओरडायचं?" मग तिने माझ्या बोटांकडे पाहिलं. "आजोबांचं असंच झालं होतं का?"

"आजोबा फ्यूज काढायला विसरले होते," मी म्हणालो.

तीस वर्षं मी हेच सांगतो आहे. दवाखान्यात तुमचे कपडे पिशवीत घालून माझ्याच हातात दिले. शर्टाच्या खिशात फ्यूज होता. तुम्ही विसरला नव्हतात. तुमचा हात आत असताना कुणीतरी दुसरा बसवला होता. दहाव्यानंतर कारखान्याचे साहेब घरी आले. चूक वडिलांचीच, म्हणाले, पण मुलाला त्यांच्या जागी घेऊ. पुढे केलेल्या कागदावर लिहिलं होतं की फ्यूज काढलेला नव्हता. मी सही केली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "जगाला शिकवलं आणि स्वतः विसरले," ती म्हणाली. मरेपर्यंत म्हणत राहिली. मी तिच्यासमोर बसून जेवायचो.

मुलगी गाडी घेऊन गेली आहे. नवा पट्टा आवाज करत नाही. हे पत्र घरात कुणाला दाखवणार नाही, आणि पाठवायचं तर कुठे? एक सांगायचं राहिलं. पट्ट्याच्या वाटेचा कागद वाऱ्याने उडत होता, म्हणून मी हत्यारांच्या पेटीच्या तळातून तुमचा फ्यूज काढून त्यावर ठेवला होता. जाताना तिने तो उचलला. "पप्पा, हे काय?" जुनं सामान, मी म्हणालो, आणि तिच्या हातातून घेतला. पेटीत परत ठेवला नाही. अजून माझ्या खिशातच आहे.