कापसाच्या खोलीतली चित्रं

मारेगाव. डिसेंबर, मंगळवार. रात्र.

मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, मुलांच्या मासिकासाठी काढलेल्या चित्रकथांच्या मूळ पानांची आज अखेर किंमत ठरली. नागपूरच्या जाणकार बाईंनी एकेक पान उजेडात धरून पाहिलं. घरातली पहिली पदवीधर मी, किंमत आणि विमा करून घेण्याचं हे काम माझंच वाटत होतं. आनंद व्हायला हवा होता.

पण चित्रांचा विमा उतरवायला आलेले साहेब खोलीच्या दारातच थांबले. चित्रांच्या पेटीमागे छतापर्यंत कापूस. "हा इथे असेपर्यंत विमा नाही."

बाबा म्हणाले, "भाव चढू द्या, मंग विकतो. तोवर का रस्त्यावर टाकू?"

मोठेबाबा हसले. "माहे चित्र कोणी चोरत नाही, कापूस चोरतीन. म्हणून तं मी इथंच झोपतो."

जाताना साहेब मला म्हणाले, ढिगात हात घालून बघा, ओला भरलेला कापूस आतून तापतो, कधी आपोआप पेटतोही. मी कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कापूस गरमच राह्यते पोरी. गादीवर नाही झोपत का तू?" असेलही. पण शेवटची वेचणी पावसानंतर घाईत भरली, मी पाहिलंय.

आत्ता पुन्हा हात घालून आले. दुपारपेक्षा गरम आहे. करपल्यासारखा वासही, की मलाच वाटतंय? आणि मी संध्याकाळभर पेटी कुठे हलवायची तेच ठरवत बसलेय. मोठेबाबा जेवून तिथंच आडवे झालेत.

पेटी राहू दे. आधी त्यांना उठवते.