अष्टमीची कुमारिका

तुळजापूर,
शुक्रवार, २७ ऑक्टोबर १९६१

ती. सौ. अक्का हिस,

धाकट्या शामलाचा नमस्कार. ‘साष्टांग’ लिहायचं मी मुद्दाम राहू दिलं आहे. का, ते पुढं कळेल.

पाकीट बघून घाबरू नकोस, इथं सगळे खुशाल आहेत. अण्णांचा खोकला उतरला. पौर्णिमेची गर्दी ओसरली, अण्णांकडं पूजेला उतरलेले यजमान सोलापूरच्या गाड्यांनी परत गेले, आणि ओसरीवर उष्ट्या पत्रावळी नि माशा तेवढ्या उरल्या आहेत. दाजींची बदली रद्द झाल्याचं कळलं, बरं वाटलं.

आधी मी कार्डच लिहिलं होतं. तुमच्या नळदुर्गात कार्ड पहिल्यांदा पोस्टमन वाचतो, मग तुझ्या सासूबाई कुणाकडून तरी वाचून घेतात, आणि तुझ्या हातात ते सगळ्यांत शेवटी येतं. म्हणूनच कार्ड घेतलं होतं. पाच ओळी लिहिल्या आणि चुलीत टाकल्या.

तुझ्या शेजारच्या शांताक्का पौर्णिमेला दर्शनाला आल्या होत्या. आपल्याकडेच जेवल्या. मी वाढत होते. पहिल्याच घासाला म्हणाल्या, “तुमच्या चंद्रप्रभाच्या नणंदेचं जमलं की वो! ईटच्या दत्तोपंतांचा पोरगा, मास्तर हाय. मार्गशीर्षात बार उडवायचा म्हनत्यात.”

मी म्हटलं, “सरोजिनीचं?”

“व्हय. आदी दुसरीच कुटली पोरगी बगितली हुती म्हनं त्यांनी. पर तिचं दर म्हैन्याचं येत न्हाय, तिला पोरबाळ हुनार न्हाय, असं तुमच्या अक्कानंच येळेवर सांगितलं. लई उपकार झाले म्हनत हुते दत्तोपंत.”

ती दुसरी पोरगी त्यांच्यासमोर पोळ्यांची परात घेऊन उभी आहे, हे बिचारीला ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली, वर तूप घातलं आणि परसात जाऊन बसले.

अक्का, श्रावणात दत्तोपंतांचं ‘पत्रिका जुळत नाही’ असं पत्र आलं, तेव्हा अण्णांनी माझी पत्रिका दोन जोशांकडं नेली. दोघांनीही जुळते म्हटलं. तरी अण्णा म्हणाले, आपलंच काही चुकलं असेल. नवरात्रात तू आलीस, माझ्या डोक्याला तेल लावलंस, म्हणालीस, “जाऊ दे गं, त्याहून चांगला मिळेल.” तेव्हा त्या मास्तरांची सुपारी तुमच्या घरात फुटून गेली होती. तुझी बोटं जराही थांबली नाहीत.

कुणाला काय ठाऊक होतं, ते मी मोजून पाहिलं. मला, तुला आणि सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंना. त्या काही ईटला गेल्या नसतील.

चैत्रात तूच मला तिकडं नेलंस. पाच महिने काही आलं नव्हतं, हनुवटीवर राठ केस आले होते, आणि मी घाबरून फक्त तुला लिहिलं होतं. बाई काय म्हणाल्या, तुला आठवतं ना? की तेही अर्धंच? त्या म्हणाल्या, लहानपणी मुलीच्या अंगावर फार चरबी चढली की कधीकधी न्हाण वेळेच्या कितीतरी आधी येतं. अंगातल्या ग्रंथींचे रस लवकर पाझरू लागतात, आणि मोठेपणी पुष्कळदा त्यांचा मेळ बिघडतो. चार-चार महिने काही येत नाही, नको तिथं केस येतात. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “हे कायमचं नाही हं. खाणं आवर, रोज चाल, वर्ष-दीड वर्ष धीर धर. अशा किती जणींची बाळं मी माझ्या हातानं काढलीत.” तू शेजारी बसून मान डोलवत होतीस. दत्तोपंतांना तू आधीचं सगळं सांगितलंस आणि हे शेवटचं गाळलंस.

मी चालते आहे, अक्का. पहाटे घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन येते. भाद्रपदात आलं, आश्विनातही आलं. तुला कळवणार होते, नवरात्रात तोंडापर्यंत आलं होतं. माझी बातमी म्हणून ठेवली होती. बरं झालं ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “पहिल्यांदा कधी आलं?” तू पटकन म्हणालीस, “अकराव्या वर्षी.” आपण दोघी त्यावर कधीच बोललो नाही. आज मी लिहिते.

नवव्या वर्षी आलं. अष्टमीचा दिवस. आई जाऊन चार वर्षं झाली होती, माझं सगळं तूच करायचीस. दर मंगळवारी, शुक्रवारी, पौर्णिमेला कुणी ना कुणी यजमान कुमारिका जेवू घालायचे, आणि अण्णांची गुटगुटीत शामला सगळ्यांना हवी असायची. सहा पोळ्या खाल्ल्या की बायका कौतुकानं सातवी वाढायच्या, आणि मी नको म्हटलं की तू म्हणायचीस, “खा गं, देवीच जेवतेय.” त्या दिवशी सोलापूरची मंडळी ताम्हन घेऊन बसली होती आणि मी न्हाणीघरात रडत होते. मला वाटलं, पोट फुटलं. तू मला कापड बांधून दिलंस, तोंड धुतलंस आणि म्हणालीस, “नवव्या वर्षी कुणाला येत नसतं. लोक काय काय बोलतील. हे आपल्या दोघींतच. शपथ आहे.” आणि मला नेऊन पाटावर बसवलंस.

एका म्हाताऱ्या आजीनं माझे पाय धुतले आणि ते पाणी डोळ्यांना लावलं. अक्का, मला वाटत होतं की देवी आता मला तिथंच भस्म करणार. भीतीनं मी वाढतील तेवढं खात राहिले. अशी दोन वर्षं बसले. तुझं लग्न होऊन गेल्यावरही बसले, कारण शपथ होती. शेवटी तू दिवाळीला माहेरी आलीस आणि जणू त्याच दिवशी आल्यासारखं जाहीर केलंस.

कार्डावरच्या पाच ओळी याच होत्या. सासूबाईंना कळल्या असत्या तर त्या तुझ्या हातचं पाणी प्यायल्या नसत्या. आणि अण्णांच्या दारात एक यजमान उतरला नसता, हेही खरं. पण कार्ड मी अण्णांसाठी जाळलं नाही. शपथ दोघींनी घेतली होती आणि एकीनं तरी ती पाळावी, म्हणून जाळलं. तू सतरा वर्षांची होतीस, घाबरली होतीस, त्याचा मला राग नाही. आता तू पंचवीसची आहेस. या वेळी तू घाबरली नव्हतीस. तुला नणंद उजवायची होती.

मास्तरांबद्दल मी काही लिहिणार नव्हते. बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “चालायला आवडतं का? ईटची शाळा गावापासून लांब आहे.” मी म्हटलं, “मला बघून हे विचारणारे तुम्ही पहिलेच.” ते मोठ्यानं हसले. ते हसू मला आवडलं होतं. एवढंच.

दिवाळीला तू माहेरी येणार, असं अण्णा म्हणतात. ये. फराळाचं मी करते आहे. अण्णांना मी काही सांगणार नाही, तूही सांगू नकोस. तेल मात्र मला लावू नकोस.

एकच मागणं आहे, कुंदासाठी. नवरात्रात तुझी सात वर्षांची कुंदा त्याच पाटावर बसली होती. फ्रॉकचं बटण लागत नव्हतं. तिनं पानावर हात आडवा धरला आणि तू तो बाजूला करून म्हणालीस, “खा गं, देवीच जेवतेय.” माझ्या हातातली वाटी पडली ती त्यामुळंच. तिला भूक नसेल तर उठू दे. आणि एखाद्या वर्षी, वेळेच्या फार आधी, पोरगी न्हाणीघरात रडत बसली तर तिला शपथ घालू नकोस. तिला माझ्याकडं पाठव.

तिचं मी कुणाला सांगणार नाही.

कुंदाची मावशी,
शामला