अधिक सहा, उणे चार

प्रिय बबडे,

पोचलीस, जेवलीस, झोपलीस असा तुझा निरोप मिळाला. तिन्हींपैकी पोचलीस तेवढं खरं असणार. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. चिमट्याने केसाएवढा स्क्रू उचलायला सांग, हात हलणार नाही. पेन धरलं की मात्र घाम फुटतो. हा तिसरा कागद. आधीचे दोन टोपलीत गेले, कारण त्यांत मी तुझी समजूत काढत बसलो होतो, आणि तो हक्क मला उरलेला नाही.

तुझा बाबा आणि मी, आम्हा दोघांचं नाव तू टिकटिक मंडळ ठेवलं होतंस, आठवतं? सभासद दोन, अध्यक्षही दोन. रविवारी सकाळी मी यायचो तेव्हा बाबाने स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर तापत ठेवलेला असायचा. तो पुरता तापेपर्यंत तबकडी लावायची नाही असा कायदा होता. तोवर घड्याळं. रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडले की आम्ही मनगटं पुढे करायचो. एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलेली जुळी घड्याळं, पण त्याचं दिवसाला सहा सेकंद पुढे धावायचं आणि माझं चार सेकंद मागे राहायचं. मी कितीदा म्हटलं की दे, उघडतो, दोन मिनिटांचं काम आहे. तो म्हणायचा, स्वभावाला औषध नाही. रोजचा फरक मात्र सकाळी वहीत लिहायचाच. तू आमच्या मध्ये जमिनीवर पालथी पडून ऐकायचीस आणि गाणाऱ्याने श्वास कुठे चोरला ते आम्हाला सांगायचीस. ही पोरगी पुढे रेकॉर्डिंगमध्येच जाणार, हे त्याने तेव्हाच जाहीर केलं होतं.

त्या घड्याळांना चावी द्यायची सोय नाही. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते. हात थांबला की सव्वादोन-अडीच दिवसांत घड्याळ बंद. हे चालू म्हणजे मी चालू, असं त्याने तुला लहानपणीच सांगून ठेवलं होतं. म्हणून तू परगावी गेल्यावर दर रविवारी तो फोनसमोर मनगट धरायचा. सेकंदकाटा फिरताना दिसला की तुझा जीव भांड्यात पडायचा. त्याच्या आवाजावर तुझा भरवसा नव्हता. माणूस आवाज कसा कमावतो, ते तू रोज कामात बघतेस.

तीन महिन्यांपूर्वी, एका मंगळवारी, ते बंद पडलं. त्याने अंथरूण धरून पंधरवडा झाला होता. त्याने घड्याळ कानाला लावलं आणि तेल सुकलं असेल, जरा बघ, म्हणून माझ्या हातात दिलं. मी दुकानात नेऊन उघडलं. तेल ठीक, दाते ठीक, सगळं ठीक. बिघाड घड्याळात नव्हताच, बबडे. त्याचा डावा हात दिवसदिवस चादरीवर नुसता पडून असायचा. भिंगाखाली ते यंत्र धरून मी रडलो, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर डोळ्यात कचरा गेलाय म्हणून सांगितलं.

हे त्याला सांगायला माझी जीभ रेटेना. मग मी अक्कल चालवली. दोन्ही घड्याळांना नव्या काचा बसवल्या, पट्टे सारखे घातले. दिवसाआड कोमट पाण्याने त्याचा हात पुसायच्या निमित्ताने त्याचं घड्याळ काढायचं आणि माझं, चालून चालून भरलेलं, त्याच्या मनगटावर चढवायचं. दोन दिवसांनी पुन्हा अदलाबदल. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं माझं चाललं होतं. रविवारी तो तुला घड्याळ दाखवायचा, तू हसायचीस, आणि मी मागे खुर्चीत बसून स्वतःची पाठ थोपटायचो. मध्ये तू मला एकटीने फोन केलास, रेकॉर्डिंग अर्ध्यात टाकून येऊ का म्हणून विचारलंस. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. म्हणालो, रोज चालतंय की घड्याळ, मग? तुझं काम शुक्रवारी संपणार होतं. तो बुधवारी गेला.

तू त्याच्या मनगटावरचं घड्याळ काढून आपल्या हातात घातलंस आणि निघताना दारात मला विचारलंस की, काका, दर रविवारी मी बघत होते, मग मला कळलं कसं नाही? मी तुझी बॅग उचलली आणि रिक्षा आली म्हणालो. रिक्षा अजून आली नव्हती.

तू गेल्यावर खोली आवरताना उशाखाली ती वही सापडली. शेवटचे तीन महिने उघडले. अक्षर लटपटलेलं, पण नोंद रोजची. दोन दिवस अधिक सहा, दोन दिवस उणे चार. पुन्हा अधिक सहा, पुन्हा उणे चार. चाळीस वर्षं सेकंद मोजणाऱ्या माणसाला मी फसवायला निघालो होतो! पहिल्याच उणे चारपुढे लिहिलंय : हे याचं आहे. बिचाऱ्याला वाटतंय मला कळलं नाही. बोलायचं नाही. आणि शेवटून दुसऱ्या पानावर : पोरीचं काम संपत आलंय. तोवर चालू दे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे, बबडे. तू चुकली नाहीस. तुझा बाप आणि मी, दोघांनी मिळून तुला खोटं दाखवलं. तो सुटला, मी उरलोय. बोलायचं ते मला बोल, नाही बोललीस तरी मी समजेन. तुझ्या हातात आहे ते घड्याळ माझं आहे. आज ठोक्यांना लाव आणि उद्या ठोके पडताना मिळवून बघ, चार सेकंद मागे असेल. बाबाचं या पत्राबरोबर वहीसकट पाठवतोय. टपालाला आठ दिवस लागतील, खोक्यात हात नसतो, म्हणून ते तुला बंद मिळेल. ते बंद पडलं त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते तुला असंच दिसायला हवं होतं.

तुझाच,
घड्याळकाका